रेंजचा दगड

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



नव्याने चित्रं काढू लागलेल्या मुलामुलींना घेऊन आठ दिवस रानात तंबू ठोकून राहणं, या अनुभवावर मी आज बोलणार आहे. हे ऐकून आपल्यापैकी काहींच्या डोळ्यांसमोर शेकोटी, गिटार आणि डोंगरामागे मावळणारा सूर्य आला असेल. निघताना माझ्याही आला होता. गिटार तर आमच्याकडे खरोखरच होती. तिसऱ्या दिवशी तिची तार तुटली आणि कुणाला फारसं वाईट वाटलं नाही.

डिसेंबर २०२२ मधली ही गोष्ट. अकरा जण होते. सगळे चित्रकला महाविद्यालयातून बाहेर पडून एक ते चार वर्षं झालेले. हा काळ मोठा अवघड असतो. महाविद्यालयात असताना बसायला स्टुडिओ असतो, समोर मॉडेल असतं, शेजारी मित्र असतात आणि चुकलं की ओरडायला आमच्यासारखे मास्तर असतात. डिप्लोमा हातात पडला की एका दिवसात हे सगळं जातं. गॅलरीचं भाडं परवडत नाही, गिऱ्हाईक ओळखत नाही. मग ही मुलं एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या शिकवण्या घेतात, लग्नाच्या स्टेजमागचे पडदे रंगवतात, शाळांच्या भिंतींवर फुलपाखरं आणि सुविचार काढतात. यात कमीपणा काहीच नाही, मीही केलं आहे. पण स्वतःचं चित्र राहून जातं. एक वर्ष राहतं, दोन वर्षं राहतं, मग ते राहिलं आहे हेही विसरायला होतं. म्हणून आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी ठरवलं की या मुलांना काही दिवस कुठे तरी लांब न्यायचं.

जागा निवडली रतनवाडी. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या पार टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी. गावात अमृतेश्वराचं जुनं कोरीव देऊळ आहे, त्याच्या जवळ पुष्करणी आहे. मागे रतनगड, आणि गडाच्या माथ्यावर वाऱ्यापाण्याने आरपार पडलेलं भोक, त्याला नेढं म्हणतात. आजूबाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. अभयारण्य १९८६ साली जाहीर झालेलं, त्यामुळे आत वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. गावातल्या एका शेतकरी मामांनी भातकापणी झालेलं खाचर आम्हांला दिलं. तिथे सहा तंबू लावले. सरपण तोडायचं नाही, गॅसची शेगडी वापरायची आणि टर्पेंटाइनची बाटली शेगडीपासून लांब ठेवायची, एवढे नियम सांगितले आणि शिबिर सुरू झालं.

पहिल्या रात्री सगळे गोल बसले आणि मी, मास्तरच्या सवयीने, गोष्ट सांगितली. कॅनडातल्या टॉम थॉमसनची. टोरोंटोतल्या एका छपाई-जाहिरातीच्या कंपनीत अक्षरं आणि नक्षी काढणारा हा माणूस. चित्रकलेचं म्हणावं तसं शिक्षण नाही. १९१२ च्या वसंतात, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो पहिल्यांदा ॲल्गॉन्क्विन नावाच्या राखीव अरण्यात गेला आणि त्याचं आयुष्यच फिरलं. पुढची पाच वर्षं दर वसंतात बर्फ वितळायला लागलं की तो तिकडे जायचा आणि थंडी पडली की परतायचा. कनू होडीत तंबू, शिधा, मासे धरायचा गळ आणि रंगांची पेटी. पेटीत साडेआठ बाय साडेदहा इंचांच्या लाकडी फळ्या, म्हणजे आपल्या शाळेच्या वहीएवढ्या. त्यांवर समोर बसून तैलरंगात चित्र. अशी सुमारे चारशे चित्रं त्याने केली. जुलै १९१७ मध्ये तिथल्याच कनू लेकमध्ये त्याचं प्रेत सापडलं. वय एकोणचाळीस. तीन वर्षांनी, १९२० मध्ये, त्याच्या मित्रांनी ‘ग्रुप ऑफ सेव्हन’ स्थापन केला आणि कॅनडाची निसर्गचित्रकला त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

गोष्ट मी रंगवून सांगतो, वर्षानुवर्षं सांगत आलो आहे. मुलं गप्प झाली. आणि मग जतकडचा एक मुलगा, शाळांच्या भिंती रंगवणारा, त्याने विचारलं, “सर, त्याचं घरभाडं कोण देत होतं?”

सगळे हसले. तो हसला नाही.

मला उत्तर माहीत होतं. इतकी वर्षं ते सांगण्याजोगं वाटलंच नव्हतं, एवढंच. टोरोंटोत डॉ. जेम्स मॅकॅलम नावाचे नेत्रतज्ज्ञ होते. त्यांनी ए. वाय. जॅक्सन आणि थॉमसन या दोघांना सांगितलं की तुम्ही वर्षभर दुसरं काही करू नका, फक्त चित्रं काढा, वर्षाचा खर्च मी देतो. लॉरेन हॅरिस हा त्यांचा दुसरा मित्र, त्याच्या घराण्याचा शेतीयंत्रांचा मोठा कारखाना. त्याने आणि मॅकॅलमनी मिळून चित्रकारांना काम करायला टोरोंटोत इमारतच बांधली. थॉमसन तिच्या मागच्या शेडमध्ये राहायचा. तरी उन्हाळ्यात तो अरण्यात वाटाड्याचं काम करायचा, एका वर्षी वणवे राखायची नोकरीही त्याने केली.

“एक डॉक्टर होते,” मी म्हटलं.

“मग बरोबर,” तो म्हणाला आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवसापासून कामाला सुरुवात झाली. श्रोतेहो, पहिले तीन दिवस काय झालं ते मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण शिबिरांची जी छायाचित्रं आपण बघतो त्यांत हे दिवस नसतात.

सगळ्यांनी पहिल्यांदा नेढं काढलं. मग देऊळ काढलं. मग जलाशय आणि त्यात पडलेलं डोंगराचं प्रतिबिंब. संध्याकाळी ताडपत्रीवर चित्रं मांडली तर एकाच माणसाने काढल्यासारखी. पुढे गडद झाड, मधे उजेडाचा पट्टा, मागे निळसर डोंगर, आणि कोपऱ्यात डोक्यावर हंडा घेतलेली बाई. बाई त्या दिवशी त्या जागी नव्हती. आपल्याकडे जलरंगाचं शिक्षण बरंचसं वाईच्या, मेणवलीच्या, नाशिकच्या घाटांवर होतं. तिथे दोन तासांत चित्र उरकायचा हात तयार होतो. वाईट हात नाही तो. पण कोकणातली एक मुलगी स्वतःच्या चित्राकडे बघून म्हणाली, “सर, हे झाड मी मेणवलीहून आणलंय.” तिच्या बोलण्यात विनोद कमी आणि वैताग जास्त होता.

त्यात हवेने घोळ घातला. सकाळी सातला खाचरात दव असायचं. कागदावर आकाशाचा वॉश दिला की तो अर्धा-पाऊण तास वाळायचाच नाही, डोंगर काढायला घ्यावा तर आकाश त्यात उतरायचं. दुपारी वारा सुटला की उलट, कुंचला उचलायच्या आत कागद पाणी पिऊन टाकायचा आणि कडा कडक व्हायच्या. उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर इतका चमकायचा की हवा त्याच्या दुप्पट गडद रंग लागायचा आणि सावलीत आणून बघितलं की चित्र काळंठिक्कर. महाविद्यालयात शिकवलेल्या साऱ्या युक्त्या एका हवामानाच्या होत्या, इथे दिवसात तीन हवामानं होती. मी कागदाला सावली धरून बसायला सांगितलं, वॉशमध्ये पाणी कमी-जास्त करायला सांगितलं. थोडाफार उपयोग झाला. पण मुलं चिडली होती.

त्याच दिवशी ओढ्याचं प्रकरण घडलं. खाचराच्या कडेने एक ओढा वाहतो. डिसेंबरात पाणी बारीक, पण स्वच्छ. मुलांनी कुंचले आणि पॅलेट त्यात धुतले. मी बघत होतो आणि मलाही काही खटकलं नाही, हे कबूल करतो. तेवढ्यात खालच्या अंगाने एक आजी आल्या. ओरडल्या वगैरे नाहीत. ओढ्यात बोट घालून त्यांनी निळसर पाण्याची रेघ दाखवली आणि म्हणाल्या, “पोरांनो, ह्येच पाणी खाली आमच्या हंड्यात येतं.”

आमच्या रंगांत कॅडमियमचा पिवळा होता, कोबाल्टचा निळा होता. नळीवर बारीक अक्षरांत सूचना असते, ती आम्ही शहरात कधी वाचत नाही, कारण तिथे पाणी बेसिनमधून कुठे जातं ते दिसत नाही. आणि गंमत बघा, त्या दिवसाच्या प्रत्येक चित्रात कोपऱ्यात हंडेवाली बाई होती. प्रत्यक्षातली बाई समोर उभी राहिली तेव्हा एकाही पोराला तिच्याशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी मीच माफी मागितली. तेव्हापासून रंग आधी चिंधीने पुसून घ्यायचा, उरलेलं गढूळ पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवायचं आणि कॅन परत शहरात न्यायचा, असा नियम झाला. परतताना तीन कॅन भरले होते. गाडीत एक सांडला, तो भाग सोडून देऊ.

त्या रात्री मला माझी थॉमसनची गोष्ट पुन्हा खटकली. मी ॲल्गॉन्क्विनला ‘निर्मनुष्य अरण्य’ म्हणत आलो होतो. वास्तविक १८९३ मध्ये ते राखीव झालं त्याच्या आधीपासून तिथे लाकूडतोड जोरात चालू होती. ओंडके वाहून नेण्यासाठी नद्यांवर बंधारे होते, आणि थॉमसनने ते बंधारे, ते ओंडके रंगवलेही आहेत. आणि त्याही आधीपासून पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे, शिकार करणारे आदिवासी, अनिशिनाबे लोक होते. ‘ग्रुप ऑफ सेव्हन’च्या प्रसिद्ध निसर्गचित्रांत ते जवळपास कुठेच दिसत नाहीत, जणू देश रिकामाच होता, अशी टीका कॅनडात गेली कित्येक वर्षं होते आहे. चित्रं म्हणून ती मला अजूनही आवडतात. पण रतनवाडीच्या महादेव कोळी मामांच्या खाचरात बसून ‘निर्मनुष्य’ हा शब्द पुन्हा उच्चारायची माझी हिंमत झाली नाही.

तिसरा दिवस कंटाळ्याचा. नेढं संपलं, देऊळ संपलं. गिटारीची तार तुटली ती याच दिवशी. दोघी जणी दुपारभर झोपल्या. एकाने टूथब्रशने बूट घासले. मी काहीही करायला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मलाही काही सुचत नव्हतं, पण नंतर विचार करता वाटतं की ते बरं झालं.

त्या भागात आमच्या फोनना रेंज नव्हती. गावाच्या वरच्या अंगाला एक मोठा सपाट दगड होता, त्यावर उभं राहिलं की एक-दोन कांड्या यायच्या. गावातली पोरंही तिथे यायची, संध्याकाळी ऊस तोडायला किंवा नोकरीला बाहेर गेलेल्यांशी बोलायला माणसं यायची. आमच्या मुलांनी त्याचं नाव ठेवलं रेंजचा दगड. जतकडचा मुलगा रोज संध्याकाळी तिथे जायचा. तिसऱ्या संध्याकाळी तो परत आला आणि म्हणाला, “सर, उद्या निघतो.” एका शाळेची भिंत निघाली होती. ठेकेदार म्हणाला होता, परवा सकाळी ये, नाहीतर दुसरा बघतो. दिवसाचे सहाशे रुपये, बारा दिवसांचं काम. शिबिराचे आठ दिवस त्याने आधीच बुडवून ठेवले होते, त्यात घरी पैसे पाठवायचे होते.

मी त्याला थांब म्हणालो नाही. कशाच्या जोरावर म्हणणार? “हरकत नाही, कामाला आधी जा,” असं काहीसं बोललो. चौथ्या दिवशी सकाळी शेंडीकडे जाणाऱ्या जीपमध्ये तो बसला, तिथून घोटी, तिथून पुढे एस.टी.

आणि चौथ्या दिवशी दुपारपासून चित्रं बदलायला लागली. अगदी त्याच दिवशी. याचं मला फार वाईट वाटलं.

बदलली म्हणजे सगळी सुंदर झाली असं नाही. काही तर आधीच्यापेक्षा बेढब होती. कोकणातली ती मुलगी खाचरातच बसली. कापलेल्या भाताचे खुंट, त्यांवरचं दव, खुंटांच्या ओळी, ओळींत पडलेल्या भेगा. पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर दोन दिवसांत तिने चाळीसेक चित्रं केली. शेवटच्या काही कागदांवर खुंट ओळखूही येत नव्हते, नुसता ओल्या-कोरड्याचा खेळ होता, आणि सकाळी न वाळणारा वॉश तिने मुद्दाम न वाळू देता वापरला होता. दुसऱ्या एकाने तंबूच्या आतल्या बाजूला श्वासाने साचलेलं पाणी आणि त्यातून येणारा पहाटेचा उजेड रंगवला. एक जण मामांकडे सरळ विचारून त्यांच्या पडवीत बसला आणि दोन दिवस म्हातारीचे हात काढत राहिला. ओढ्यावरच्या त्याच आजी. त्यांनी त्याच्याकडून शेंगा सोलून घेतल्या.

अकरांतले, म्हणजे आता दहांतले, तिघे-चौघे असे निघाले. बाकीच्यांचं फारसं काही झालं नाही आणि एकाने तसं स्वच्छ सांगितलं, “मला इथे काही दिसलं नाही सर, मी शहरातलीच चित्रं काढीन.” हेही कळलं ते बरंच. पण माझ्या मनात एक हिशेब बसला तो बसला. बरोबर आणलेली चित्रं हातातून उतरायलाच तीन दिवस जातात, कुणाला चार, कुणाला सहा. आणि हे दिवस रिकामे दिसतात. शनिवार-रविवारच्या सहलीत ते येतच नाहीत. नंदलाल बोस शांतिनिकेतनातून कलाभवनाच्या विद्यार्थ्यांना अभ्याससहलींना घेऊन जायचे, रोज पोस्टकार्डांवर रेखाटनं करायचे, ती परंपरा आपल्याकडे आहेच. पण तेव्हा विद्यार्थी संस्थेचे होते. माझ्यासमोरची मुलं कुणाचीच नव्हती. त्यांचे ते तीन रिकामे दिवस कुणाच्या खिशातून जातात? त्यांच्याच. ज्याचा खिसा लहान तो पहिला निघतो, मग त्याचा हात कितीही चांगला असो.

‘ग्रुप ऑफ सेव्हन’वाल्यांचीही तीच कथा. १९१८ च्या शरद ऋतूत हॅरिसने अल्गोमाच्या रानात जायला रेल्वे कंपनीकडून मालगाडीचा एक डबा मिळवला. त्यात झोपायच्या फळ्या आणि शेगडी बसवली. डबा रुळांच्या बाजूच्या फाट्यावर नेऊन सोडायचे, चित्रकार त्यात राहायचे, काही दिवसांनी दुसऱ्या फाट्यावर. ही गोष्टही मी मुलांना नेहमी सांगतो. आता डब्याबरोबर कारखान्याचीही सांगतो.

शिबिर संपलं तेव्हा तंबू आवरताना जतच्या मुलाची एक फळी राहिलेली सापडली. हार्डबोर्डवर केलेलं तैलरंगाचं चित्र, अर्धवट. त्याने रेंजचा दगड रंगवला होता. संध्याकाळचा उजेड, दगडावर पाच-सहा माणसं, प्रत्येकाची मान वेगळ्या दिशेला, एकाचा हात उंच. चेहरे नाहीत. कुणीही एकमेकांकडे बघत नाही आणि तरी सगळे कुणाशी तरी बोलताहेत. खालचा अर्धा भाग कोरा, नुसती हार्डबोर्डची तपकिरी. तो रोज तिथे फोनसाठी जात होता असं आम्ही समजत होतो. फोनसाठी जातच होता. पण पहिल्या दिवसापासून त्याला तिथे हे दिसत होतं. आम्ही बाकीचे नेढं काढत होतो तेव्हा.

दुसऱ्या वर्षी, डिसेंबर २०२३ मध्ये, आम्ही शिबिर बदललं. अकराऐवजी पाच जण आणि आठऐवजी बारा दिवस. आम्ही मास्तर मंडळींनी आणि दोन-तीन स्नेह्यांनी आपापली चित्रं विकून पैसे उभे केले आणि प्रत्येक मुलाला रोजचे सहाशे रुपये दिले. शिष्यवृत्ती म्हणून नाही दिले, रोज म्हणूनच दिले, संध्याकाळी हातात. चित्र झालं की नाही ते विचारायचं नाही. काही सहकाऱ्यांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, कलावंताला थोडी झळ लागलीच पाहिजे, आयतं मिळालं की तो आळसावतो. पाचांतला एक आळसावला हे खरं आहे. पण सहाशे रुपयांत ओढवून घेतलेला आळस बारा दिवसांचाच असतो, आणि झळ म्हणाल तर ती यांना वर्षभर लागतच असते. पैसे कसेबसे एका वर्षापुरते जमले. पुढच्या खेपेसाठी आम्ही अजून माणसं शोधतो आहोत. डोळ्यांचे डॉक्टर असले तर उत्तमच, पण दातांचेही चालतील.

कॅन त्या खेपेला सहा नेले. झाकणं घट्ट.

जतच्या मुलाला मी दुसऱ्या शिबिराचं पहिलं बोलावणं केलं होतं. डिसेंबरात त्याच्याकडे तीन शाळांचं काम होतं, तो आता स्वतः ठेका घेतो, हाताखाली दोन पोरं आहेत. सहाशे रुपये रोजावर येणं त्याला परवडणारं नव्हतं, हे त्याने संकोचत सांगितलं. मी म्हटलं, तुझी फळी माझ्याकडे आहे, पाठवून देऊ का?

“राहू द्या सर तुमच्याकडंच,” तो म्हणाला. “खालचं काय होतं ते आता आठवंना. दगडावर जाऊन बघायला लागंल.”

फळी माझ्या टेबलामागे भिंतीला टेकवून ठेवली आहे.